गेंटहून किसुमूला

1913 च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या गेंट शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच निमित्ताने वेगवेगळ्या देशांतल्या नगरपालिकांची माणसे तिथे जमली. बोलण्याचे विषय रोजच्या कारभारातले होते: नळाचे पाणी, मैला, गरिबांची घरे, रस्त्यांची आखणी. त्यामागचा विचार मात्र धाडसी होता. देशादेशांमधला व्यवहार म्हणजे राजे, मंत्री आणि वकिलाती, अशीच तोवरची रीत. शहर चालवणाऱ्यांनी कोणाच्या मध्यस्थीशिवाय परदेशातल्या आपल्यासारख्यांशी थेट बोलावे, ही गोष्ट नवी होती. या परिषदेतून शहरांचा आंतरराष्ट्रीय संघ जन्मला आणि बेल्जियन समाजवादी एमिल व्हिंक यांनी तो पुढे अनेक वर्षे सांभाळला. आज आशिया-आफ्रिकेतल्या पालिकांसाठी झटणाऱ्या जागतिक संघटनांचे मूळ शोधत गेले, की वाट गेंटलाच येऊन पोहोचते.

त्या प्रदर्शनात आफ्रिकाही होती, पण परिषदेच्या दालनात नव्हे. सेनेगलमधून आणलेल्या माणसांचे एक ‘गाव’ तिथे वसवले होते आणि तिकीट काढून आलेले युरोपीय लोक त्यांना पाहत फिरत. खुद्द सेनेगलमधल्या सेंट लुई, डाकार, रुफिस्क आणि गोरे या चार शहरांत त्या काळी निवडून आलेल्या नगरपालिका होत्या. म्हणजे पालिका चालवण्याचा अनुभव त्या देशाकडे होता, तरी गेंटमध्ये त्याच्या वाट्याला आले ते कुंपणाआडचे गाव. ही कुळकथा सांगताना हे कुंपण विसरून चालणार नाही.

गेंटचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी आपले शहरांविषयीचे प्रदर्शन तिथे मांडले होते आणि त्याला मोठे पारितोषिकही मिळाले. पुढच्या वर्षी ते प्रदर्शन जहाजाने मद्रासला निघाले. महायुद्ध पेटलेले होते. ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि नकाशे, चित्रे, सगळा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. गेडिस यांनी नवा संग्रह उभा केला, मद्रासमध्ये मांडला, भारतातली शहरे पायी हिंडून पाहिली आणि नागपूरसारख्या शहरांसाठी अहवाल लिहिले. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्याच हाताखाली. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी. पुढे 1926 मध्ये मुंबईतच स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासासाठी आणि पालिकांच्या माणसांना शिकवण्यासाठी संस्था निघाली. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था म्हणून ती आजही काम करते.

दुसऱ्या महायुद्धानंतर गेंटमध्ये जन्मलेल्या संघाचे कार्यालय ब्रुसेल्सहून हेगला गेले. आशिया आणि आफ्रिकेत एकेक देश स्वतंत्र होत होता, पण त्यातून तिथल्या शहरांना बळ मिळाले असे नाही. नव्या राज्यकर्त्यांना देश एकसंध ठेवायचा होता आणि हाती पैसा थोडा होता, त्यामुळे सत्ता राजधानीत गोळा होत गेली. केनियाने 1969 मध्ये कायदा करून प्राथमिक शिक्षण, आरोग्य आणि रस्ते ही कामे जिल्हा परिषदांकडून काढून घेतली. टांझानिया तर 1972 मध्ये त्याही पुढे गेला. त्याने निवडून आलेल्या स्थानिक संस्थाच मोडीत काढल्या. शहरांची दुरवस्था होत गेली, तेव्हा 1978 मध्ये नगरपालिका परत आणाव्या लागल्या. अशा देशातला नगराध्यक्ष एकटा काय करणार? राजधानीतल्या मंत्र्यापुढे त्याचा आवाज चालत नाही. त्याला साथीदार लागतात आणि ‘जगात अशी रीत आहे’ असे सांगणारा एखादा कागद लागतो.

तो कागद 1985 मध्ये रिओ दि जानेरोत तयार झाला. संघाच्या जागतिक परिषदेने स्थानिक स्वशासनाचा जाहीरनामा मंजूर केला. स्थानिक कारभार निवडून आलेल्यांच्या हाती असावा, त्यांना स्वतःचा पैसा असावा आणि वरच्या सरकारने ऊठसूट हात घालू नये, असा त्याचा गाभा. जागाही अगदी योग्य होती. ब्राझीलमधली लष्करी राजवट नुकतीच संपली होती. त्या राजवटीत राज्यांच्या राजधान्यांचे महापौर वरून नेमले जात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिओच्या मतदारांनी आपला महापौर स्वतः निवडला.

आफ्रिकेत मात्र वेगळाच पेच होता. तिथे पालिकांच्या एक सोडून तीन खंडव्यापी संघटना होत्या: एक इंग्रजी बोलणाऱ्यांची, एक फ्रेंच बोलणाऱ्यांची आणि एक पोर्तुगीज. साम्राज्ये गेली तरी त्यांनी आखलेल्या भिंती पालिकांच्या संघटनांतही उभ्या होत्या. घाना आणि आयव्हरी कोस्ट एकमेकांचे शेजारी, प्रश्न सारखे, पण नगराध्यक्षांच्या सभा वेगळ्या. 1996 मध्ये इस्तंबूलला संयुक्त राष्ट्रांची वस्ती-परिषद भरली. तिचे सरचिटणीस गांबियाचे वॉली एन्डो होते. तिच्या आधी जगभरातल्या शहरांची सभा झाली, तेव्हा एका तोंडाने बोलण्याची गरज सगळ्यांनाच जाणवली. दोन वर्षांत, 1998 मध्ये, आबिदजानला ‘आफ्रिसिते’ हे पालिकांचे महासंमेलन सुरू झाले. ते इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज अशा सगळ्या देशांसाठी होते.

मग घटना भराभर घडल्या. 2004 च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये गेंटचा जुना संघ, जुळ्या शहरांची संघटना आणि महानगरांची संघटना यांच्या एकत्र येण्यातून नवी जागतिक संघटना उभी राहिली. तिचे मुख्यालय बार्सिलोनात आले. 2005 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या श्वाने इथे आफ्रिकेतल्या तिन्ही संघटनांची एक झाली. तिचे कार्यालय पुढे मोरोक्कोत रबातला गेले आणि कॅमेरूनचे ज्याँ-पिएर एलाँग म्बासी यांनी सरचिटणीस म्हणून तिला आकार दिला. 2012 चे आफ्रिसिते डाकारला भरले. ज्या सेनेगलची माणसे गेंटमध्ये कुंपणाआड बसवली होती, तिथे आता खंडभरातले महापौर पाहुणे म्हणून आले. 2016 मध्ये जोहान्सबर्गचे माजी महापौर पार्क्स ताउ जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले.

एवढ्या सभा-संमेलनांतून हाती काय लागले, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर पैशाच्या आणि कायद्याच्या भाषेत द्यावे लागते. घानाच्या 1992 च्या राज्यघटनेत देशाच्या महसुलाचा किमान 5 टक्के वाटा जिल्हा सभांसाठी राखला आहे. पूर्वी कामे काढून घेणाऱ्या केनियाने 2010 च्या घटनेत परगण्यांसाठी किमान 15 टक्के लिहून ठेवले. अशा तरतुदी त्या त्या देशातल्या राजकारणातून येतात, त्याचे श्रेय जागतिक संघटनेला देणे बरोबर नाही. पण मिळालेला वाटा हातचा जाऊ नये म्हणून देशोदेशींच्या पालिका-संघटना झगडतात तेव्हा शेजारच्या देशाचा दाखला हाताशी असणे मोलाचे ठरते. 2014 मध्ये आफ्रिकी संघाने विकेंद्रीकरणाची सनद मलाबो इथे स्वीकारली. पुरेशा देशांची मान्यता मिळाल्यावर ती 2019 मध्ये लागू झाली. रिओचा जाहीरनामा शहरांनी लिहिला होता. ही सनद सरकारांनी स्वतःवर बांधून घेतली आहे. फरक मोठा आहे.

2022 च्या मे महिन्यात आफ्रिसिते किसुमूला भरले. व्हिक्टोरिया सरोवराकाठचे हे केनियातले मध्यम आकाराचे शहर आणि विषयही मध्यम आकाराच्या शहरांचाच. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला आणि तो साडेतीन वर्षांहून अधिक काळ तसाच चालला. आपल्याकडे 1992 ची 74 वी घटनादुरुस्ती आहे आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घेण्याचे बंधनही तिच्यातच आहे. रिओत जे मागितले होते ते घटनेत असूनही एवढी मोठी पालिका नगरसेवकांविना राहू शकते, हे या विषयाची आस्था असणाऱ्या प्रत्येकाला टोचायला हवे.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यवहारातही एक गाठ सुटायची आहे. 1992 च्या वसुंधरा परिषदेने समाजाचे नऊ प्रमुख गट ठरवले. त्यांत महिला, शेतकरी, कामगार, उद्योजक, स्वयंसेवी संस्था यांच्या रांगेत स्थानिक शासनांनाही बसवले. लाखो मतदारांनी निवडून दिलेला महापौर तिथे एक हितसंबंधी गट म्हणून बोलतो. आपण शासनाचाच एक स्तर आहोत, तेव्हा आपल्याला वेगळे स्थान द्या, ही बार्सिलोना आणि रबातच्या कार्यालयांची मागणी आहे.