गोव्याहून गेलेला गेंडा

गोव्याहून युरोपास काय काय गेले, असे कोणी विचारले तर आम्ही मिरी आणि कापड यांपाशीच थांबतो. जानेवारी १५१५ मध्ये तेथून एक गेंडाही गेला, आणि युरोपच्या मुद्रणकलेत त्याच्याइतका मान दुसऱ्या क्वचितच एखाद्या वन्य पशूस मिळाला असेल.

या प्रवासामागे राजकारण होते. अफोन्सो द आल्बुकेर्क यास दीव येथे किल्ला हवा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने किल्ला दिला नाही, गेंडा दिला! (त्याची राजधानी चांपानेर आमच्या बडोदेकर वाचकांच्या परिचयाचीच आहे.) आल्बुकेर्कने तो पोर्तुगालचा राजा मानुएल याजकडे धाडला. २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. तेथे हत्तीशी त्याची झुंज लावण्यात आली, तेव्हा हत्तीच पळाला. पोर्तुगीज त्यास 'गंडा' म्हणत. म्हणजे नावही आपल्याकडूनच गेले.

न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूरर याने हा प्राणी कधीच पाहिला नाही. ऐकीव वर्णन व एक रेखाटन एवढ्याच आधारावर त्याने लाकडी ठशाचे चित्र सिद्ध केले. कातडीच्या घड्यांचे चिलखत झाले, पायांवर खवले आले, मानेमागे नसलेले एक छोटे शिंग उगवले. वरच्या मजकुरात वर्ष चुकून १५१३ पडले आहे. मुद्रणदोषांनी गांजलेल्या आम्हांस त्यात थोडा दिलासाच वाटतो. हे जनावर कमी आणि योद्धा अधिक. म्हणूनच १५३६ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या आलेस्सांद्रो द मेदिचीने गेंडा आपले चिन्ह केला. जिंकल्याविना परतणार नाही, असे त्याचे ब्रीद होते.

त्याच १५१५ साली आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर यानेही गेंड्याचे चित्र छापले. त्यात चिलखत नाही, पुढचे पाय मात्र बांधलेले आहेत. त्याची एकच प्रत आज व्हिएन्नात उरली आहे. ड्यूररचा गेंडा मात्र पुनःपुन्हा छापला गेला, प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत उतरला. १७४१ मध्ये बंगालमधून 'क्लारा' नावाची गेंड्याची मादी युरोपात पोहोचेपर्यंत तेथे लोक चिलखतच खरे मानीत होते. बलाचे प्रतीक हवे असणाऱ्यांस दोरखंड कशाला आठवावा?

मूळ गेंडा पुढे राजाने पोप दहावा लिओ यास नजराणा म्हणून पाठविला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या लिगुरिया किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. गेंडा उत्तम पोहतो. पण हा साखळीने जखडलेला होता.