वृद्धाश्रमाच्या भिंती कोणाच्या?

वृद्धाश्रम सरकारने चालवावा, धर्मादाय संस्थेने की खासगी मालकाने, हा वाद आता सीमाभागातही ऐकू येतो. घर मराठी असो वा कन्नड, मुले पुण्या-बंगळूरला आणि आईवडील गावी, हे सारखेच. इंग्लंडने हे तिन्ही मार्ग चालून पाहिले. तो इतिहास आमच्या पाठ्यपुस्तकांत बसत नाही, म्हणून येथे मांडतो.

१८३४ च्या कायद्याने निराधार म्हाताऱ्यांच्या वाट्याला ‘वर्कहाऊस’ आले. तेथे नवरा-बायकोलाही वेगळे ठेवीत. साठीपुढच्या जोडप्यांना एकत्र राहण्याची मुभा मिळाली ती १८४७ साली. पुढे १९४८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने वृद्धांना निवारा देणे ही स्थानिक पालिकांची जबाबदारी ठरवली. मंत्री अनायरिन बेव्हन यांच्या मनात छोटी, हॉटेलसारखी घरे होती. राहणारा पाहुणा, आश्रित नव्हे. पण तिजोरी रिकामी. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउन्सेंड यांनी १७३ संस्था पाहून १९६२ साली ‘द लास्ट रेफ्यूज’ लिहिले, तेव्हा कितीतरी म्हातारे त्याच वर्कहाऊसच्या इमारतींत निघाले. पाटी तेवढी बदललेली! धर्मादाय गृहे होती, मेथडिस्ट पंथीयांची तर १९४३ पासून. पण त्यांची ताकद तोकडी.

खासगी गृहे वाढली ती मागच्या दाराने. १९८० नंतर गरीब रहिवाशाचे शुल्क सरकारी भत्त्यातून मिळू लागले, आणि त्याला गृहात राहण्याची गरज आहे का, हे कोणी तपासेना. हा खर्च १९७९ च्या सुमारे १ कोटी पौंडांवरून दहा वर्षांत १०० कोटींवर गेला. १९९३ मध्ये तो पैसा पालिकांकडे वळवला, पण त्यातला ८५ टक्के हिस्सा बाहेरच्या संस्थांवरच खर्चण्याची अट घालून. म्हणजे पैसा जनतेचा, भिंती दुसऱ्याच्या.

त्या भिंतींचे काय होते, ते सदर्न क्रॉस या कंपनीने दाखवले. तिच्याकडे सुमारे ७५० गृहे आणि ३१ हजार वृद्ध होते. इमारती विकून त्याच भाड्याने घेतलेल्या. भाडे वर्षागणिक चढते, पालिकांकडून मिळणारे दर मात्र आखडलेले. २०११ मध्ये कंपनी कोसळली. गृहे इतर चालकांच्या हाती गेली. ज्यांचे अंथरूण तेथे होते, त्यांना कोणी विचारले नव्हते. चालक बुडाल्यास तात्पुरती सोय पालिकेनेच करावी, हे बंधन २०१४ च्या कायद्याने घातले.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधारांची सोय असलेला वृद्धाश्रम, असे त्यात म्हटले आहे. मात्र क्रियापद ‘राज्य सरकार स्थापील’ असे नाही. ‘स्थापू शकेल’ असे आहे.