जकातीचा धडा : साखरेपासून सिलिकॉनपर्यंत

शिर्डीत समाधीच्या दर्शनाला जाण्यापूर्वी मोबाईल जमा करावा लागतो. गुरुवारी त्या खिडकीपाशी उभे राहिले, की देशभरातून आलेले फोन टोकन लावून रचून ठेवलेले दिसतात. बहुतेकांची जुळणी आता भारतात होते. पण त्यांच्या पोटातली चिप जवळजवळ नेहमीच तैवान, कोरिया किंवा चीनमध्ये तयार झालेली असते.

२०२१ साली माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो चाकणच्या एका कारखान्यात कामाला होता, आणि चिपा येत नाहीत म्हणून त्याची पाळी बंद होती. गाडीचे सगळे लोखंड तयार आणि बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यासाठी पट्टा थांबलेला! त्याने विचारले, "सर, तुम्ही वर्गात साखरेच्या जकातीचे सांगायचात. तशी जकात चिपवर लावली असती, तर ही वेळ आली नसती ना?" मी त्या वेळी थातुरमातुर उत्तर दिले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी साखरेचे पाहू, कारण आमचा हा परिसर त्याच जकातीवर उभा राहिला. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानात जावा बेटातली साखर इतकी स्वस्त येत होती, की इथल्या कारखान्यांना तग धरणे कठीण होते. भंडारदऱ्याचे धरण, प्रवरेचे आणि गोदावरीचे पाट झालेले होते, ऊस होता, हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखानाही होता. पण भाव जावा ठरवत असे. टॅरिफ बोर्डाच्या शिफारशीवरून १९३२ साली साखर उद्योग संरक्षण कायदा झाला आणि हंड्रेडवेटला ७ रुपये ४ आणे संरक्षक जकात बसली. देशात तोवर तिसेक कारखाने होते. चार-पाच वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले आणि जावाची साखर जवळपास थांबली.

वर्गात मी इथेच थांबत असे. ते चुकीचे होते. त्या कायद्यातल्या तीन गोष्टींकडे मी लक्ष दिले नव्हते. एक म्हणजे संरक्षणाची मुदत कायद्यातच लिहिली होती, १९४६ च्या मार्चअखेरपर्यंत, आणि मध्ये फेरतपासणीही ठरलेली होती. दुसरी म्हणजे जकातीच्या भिंतीच्या आत कारखाना काढायला फारशी आडकाठी नव्हती. टिळकनगर, साकरवाडी अशी नावे त्याच काळात नकाशावर आली, आणि हे कारखाने आपापसांत झुंजले. १९३४ साली सरकारने देशी साखरेवर अबकारी बसवली, त्यात कच्चे कारखाने उघडे पडले. तिसरी सगळ्यात महत्त्वाची : गिऱ्हाईक तयार होते. साखर खाणारा देश समोर पसरलेला होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, प्रवरेला १९५०-५१ मध्ये पहिले गाळप झाले, तोवर साखर करण्याची विद्या या मातीत मुरलेली होती.

आता सिलिकॉनकडे वळू. याची सुरुवातही महाराष्ट्रातच, मुंबईला कुलाब्यात झाली. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये रीतसर सुरू झाला. तो काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा होता. ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेत लागला होता, आणि एकाच तुकड्यावर सगळे मंडल कोरण्याची युक्तीही १९५८-५९ मध्ये साधली होती. म्हणजे आपण मागे होतो, पण दहा-बारा वर्षांनी, शंभर वर्षांनी नव्हे. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ साली आला, तेव्हा भाभा विमान अपघातात गेले होते. अहवालाचा सूर स्वावलंबनाचा होता, आणि युद्ध नुकतेच अंगावरून गेलेल्या देशाला तो पटणे साहजिक होते.

भिंत उभी राहिली. आयातीवर परवाने आले, जबर शुल्के आली. पण साखरेच्या वेळी जे घडले ते इथे घडले नाही, कारण भिंतीच्या आतही परवानाच होता. कोणी किती माल करायचा हे दिल्ली ठरवी. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याने मोठ्या घराण्यांना आवर घातला, काही सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवले गेले. हेतू चांगला होता. पण चिपचा धंदा लहान प्रमाणावर चालतच नाही, आणि ही गोष्ट साखरेच्या माणसाला चटकन कळेल. कारखान्याची गाळप क्षमता पाच हजार टनांची आणि ऊस पाचशे टन, तर साखर कितीला पडेल? चिपचे तसेच आहे, फक्त शंभर पटीने क्रूर. चकतीवर कोरलेल्या चिपांपैकी सुरुवातीला कितीतरी वाया जातात, लाखोंनी कोरल्यावर हात बसतो, दोष कमी होतात, किंमत उतरते. आणि हात बसेपर्यंत पुढची पिढी आलेली असते. साखरेची चरकी तीस वर्षे चालते. चिपचे यंत्र काही वर्षांत जुने होते.

मुंबईतच अंधेरीला १९७३ साली 'सीप्झ' हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र उघडले. तैवानने काओशुंगला असे क्षेत्र १९६६ मध्येच काढले होते. मला सीप्झचे कुंपण या सगळ्या कहाणीचे चित्र वाटते. कुंपणाच्या आत आयात मोकळी, पण माल परदेशी पाठवायचा. बाहेर बाजारपेठ, पण आयातीला बंदी. आतल्या कामाची विद्या बाहेर झिरपायला वाटच नव्हती. पुढे त्याच सीप्झचे नाव दागिन्यांच्या निर्यातीसाठी जास्त झाले.

चिपचा खरा सरकारी प्रयत्न मोहालीला झाला. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला १९७६ मध्ये मंजुरी आणि १९८४ मध्ये उत्पादन, ५ मायक्रॉनच्या तंत्राने. तेव्हा जगातले पुढचे कारखाने दीड मायक्रॉनपर्यंत पोचले होते. अंतर भरून काढण्याची धडपड चालू असताना ७ फेब्रुवारी १९८९ ला तिथे आग लागली आणि अनेक वर्षे गेली. आगीवर सगळे खापर फोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. देशात दुसरा कारखाना असता तर एका आगीने देशाची चिप जळाली नसती.

त्याच दहा वर्षांत बाकीचे काय करत होते? तैवानच्या सरकारी संशोधन संस्थेने १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीएकडून तंत्र घेतले, आणि १९८७ मध्ये मॉरिस चँग यांच्या हाती टीएसएमसी उभी केली, सरकारच्या आणि फिलिप्सच्या भांडवलावर. बंधन एकच, माल जगाच्या बाजारात विकला गेला पाहिजे. आणि मुक्त व्यापाराचे पाठ देणारी अमेरिका? १९८६ मध्ये तिने जपानकडून करार लिहून घेतला : चिपा पाडलेल्या भावात विकायच्या नाहीत आणि जपानच्या बाजारात परक्या चिपांना वाटा द्यायचा. करार पाळला जात नाही असे म्हणत पुढच्याच वर्षी ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के शुल्क लावले. मेमरी चिपांचे भाव चढले, आणि त्या संधीत घुसली कोरियाची सॅमसंग. जकात कोणासाठी लावली आणि फायदा कोणाला झाला, याचे याहून नमुनेदार उदाहरण मला ठाऊक नाही.

आपली भिंत पडली ती एकदम. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान कराराला सामील झाला आणि २००५ पर्यंत त्यातल्या वस्तूंवरचे शुल्क शून्यावर आले. चिपही त्यात होती. सॉफ्टवेअरवाल्यांना संगणक स्वस्त मिळाले, पुणे-बंगळूरचे भाग्य त्यातून उजळले, हे नाकारता येणार नाही. पण यंत्रे करू पाहणाऱ्याचे गणित विसकटले. शिर्डीहून औरंगाबाद ओलांडून पैठण रस्त्याला चितेगाव लागते. तिथे धूत घराण्याच्या व्हिडिओकॉनने तोशिबाच्या तंत्रावर रंगीत टीव्ही केले. घरोघरी पोचलेले ते मराठवाड्यातले नाव २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. त्याला तेल आणि टेलिकॉममधले कर्ज हे मोठे कारण होते, सगळा दोष आयातीवर टाकणे अन्यायाचे होईल. तरी टीव्हीचा खोका इथला आणि आतली चिप बाहेरची, ही घडी त्या कारखान्यालाही मोडता आली नव्हती.

आता सरकार पुन्हा पैसा ओतते आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींची योजना आली, आणि लगेच राज्याराज्यांत चढाओढ लागली. वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये करार गुजरातशी झाला आणि इकडे महिनाभर आरोप-प्रत्यारोपांचा धुरळा उडाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंगच काढले, तेव्हा मात्र कोणी फारसे बोलले नाही. त्या गावी नसलेल्या कारखान्यावर आपण भांडलो होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तळोज्याच्या टॉवर-अदानी प्रकल्पाला राज्याने मान्यता दिली, ८३,९४७ कोटींचा. पुढच्याच वर्षी ती बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. धोलेऱ्याला टाटांच्या कारखान्याला केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली, तंत्र तैवानच्या पॉवरचिपचे.

माझ्या विद्यार्थ्याला मी आता सांगेन, अरे, जकात नव्हती असे नाहीच. जकात होती, पण मुदत नव्हती, झुंज नव्हती आणि गिऱ्हाईक मोजलेले नव्हते. आजच्या अनुदानांबद्दल मी हेच तीन प्रश्न विचारतो. आणि चौथा, जो आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाच्या तोंडी आधी येतो : पाणी कोणाचे?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चकत्या धुवायला अतिशुद्ध पाणी लागते. टीएसएमसीचा तैवानमधला वापर दिवसाला दीड लाख टनांच्या वर सांगितला जातो. २०२१ च्या दुष्काळात तिथल्या सरकारने भातशेतीचे पाणी बंद केले, शेतकऱ्यांना भरपाई दिली आणि कारखाने चालू ठेवले. गुजरातच्या धोरणात चिप कारखान्याला पहिली पाच वर्षे १२ रुपये घनमीटरने पाणी देण्याचे कबूल केले आहे. आमच्याकडे कमी पावसाच्या वर्षी दसरा उलटला, की वरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचे यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर येतात, आणि तो वाद कोर्टापर्यंत जातो. गोदावरीच्या पाटाला यंदा किती आवर्तने मिळणार, हे राहात्याचा शेतकरी दिवाळीच्या सुमारास विचारू लागतो. तळोजा इथून दूर आहे. पण उद्या एखादी चिप कंपनी या खोऱ्यात आली, तर त्या आवर्तनांच्या यादीत तिचा क्रमांक कितवा लावायचा, यावर अजून कुठल्याही ग्रामसभेत चर्चा झाल्याचे माझ्या कानावर आलेले नाही.