उच्च एन्ट्रॉपी मिश्रधातू : उष्णतेतील सामर्थ्य आणि मर्यादा

पाच किंवा अधिक मूलद्रव्ये सम अथवा जवळपास सम प्रमाणात एकत्र करून तयार केलेल्या धातुपदार्थांना उच्च एन्ट्रॉपी मिश्रधातू म्हणतात. पोलादात लोह प्रधान असते, जेट इंजिनाच्या पात्यांत निकेल. येथे मात्र कोणतेही एक मूलद्रव्य प्रधान नसते. निरनिराळे अणू एकाच स्फटिकात विखुरल्याने एन्ट्रॉपी, म्हणजेच रचनेतील अव्यवस्था, वाढते. त्यावरून हे नाव पडले.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. रंगनाथन यांनी २००३ मध्ये ‘करंट सायन्स’मधील लेखातून अशा बहुधातू मिश्रणांकडे लक्ष वेधले. २००४ मध्ये तैवानचे जिएन-वेई येह आणि ब्रिटनचे ब्रायन कँटर यांच्या गटांनी आपापले संशोधन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. क्रोमियम, मँगॅनीज, लोह, कोबाल्ट व निकेल यांचा समप्रमाणातील मिश्रधातू आज ‘कँटर मिश्रधातू’ म्हणून ओळखला जातो.

नावातील एन्ट्रॉपीमुळे हे पदार्थ उष्णतेत आपोआप बळकट ठरतात, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात त्यांचे वर्तन मूलद्रव्यांची निवड आणि स्फटिकाची रचना यांवर अवलंबून असते. कँटर मिश्रधातू अतिशीत तापमानातही चिवट राहतो. पण तापमान वाढेल तसे त्याचे सामर्थ्य घटते. ५०० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ ठेवल्यास त्याचा एकजिनसीपणाही टिकत नाही आणि त्यात वेगळ्या रचनेचे कण तयार होतात. या मिश्रधातूंमध्ये अणूंचे स्थलांतर नेहमीच मंद असते, हे प्रारंभीचे गृहीतकही पुढील मोजमापांत सरसकट खरे ठरले नाही.

याउलट, उच्च वितळबिंदूच्या धातूंपासून बनवलेल्या मिश्रधातूंचे निष्कर्ष लक्षवेधी आहेत. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेत नायोबियम, मॉलिब्डेनम, टँटॅलम आणि टंगस्टन यांचा मिश्रधातू १,६०० अंश सेल्सिअसला दाबून पाहण्यात आला. कायमचे विरूपण सुरू होण्यासाठी त्याला सुमारे ४०५ मेगापास्कल ताण द्यावा लागला. व्हॅनेडियम मिसळल्यावर हा आकडा सुमारे ४७७ वर गेला. या तापमानाला निकेलप्रधान मिश्रधातू वितळलेले असतात. मात्र हेच पदार्थ सामान्य तापमानाला ठिसूळ असून थोड्याशा विरूपणानंतर तडकतात. शिवाय तप्त हवेत मॉलिब्डेनम व टंगस्टन यांचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते.

उष्ण विरूपणाचा दुसरा पैलू घडाईचा आहे. ओतीव मिश्रधातूत मूलद्रव्ये असमान पसरलेली असतात. तो तापवून दाबल्यास जुन्या, ताणलेल्या स्फटिककणांच्या जागी नवे, बारीक कण निर्माण होतात. या प्रक्रियेला गतिज पुनःस्फटिकीकरण म्हणतात. दाबण्याचा वेग फार असल्यास उष्णता एका पट्ट्यात साचून तडे जाऊ शकतात. तापमान फार असल्यास कण वाढून धातूचे सामर्थ्य कमी होते. तापमान व वेग यांचा सुरक्षित मेळ शोधण्यासाठी ‘प्रक्रिया नकाशे’ वापरले जातात. भारतीय विज्ञान संस्थेचे वाय. व्ही. आर. के. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत आता या नव्या मिश्रधातूंसाठीही उपयोगात आणली जाते.

जेट इंजिन आणि वीजनिर्मितीच्या टर्बाइनमध्ये वायूचे तापमान जितके अधिक, तितकी इंधनाची बचत शक्य होते. त्यासाठी पदार्थाने उष्णतेत भार पेलणे, थंड असताना न तडकणे आणि हवेत न जळणे या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात. अमेरिकेच्या ‘नासा’ने निकेल, कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूत ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळून ‘जीआरएक्स-८१०’ हा पदार्थ त्रिमितीय मुद्रणाने तयार केला. सुमारे १,१०० अंश सेल्सिअसला सततच्या भाराखाली तो प्रचलित मिश्रधातूंपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो. त्यात मुख्य धातू तीनच आहेत. उष्णतेत टिकाव धरण्यासाठी मूलद्रव्यांच्या संख्येपेक्षा त्यांची निवड आणि अंतर्गत रचना अधिक निर्णायक असते, हेच यातून स्पष्ट होते.