वायुविलगीकरण पटले

वायूंच्या मिश्रणातील एका घटकाला भराभर पलीकडे जाऊ देणारे आणि दुसऱ्याला मागे ठेवणारे पातळ पडदे. ते बहुधा पॉलिमरचे असतात. कार्बन, सिरॅमिक व धातू-सेंद्रिय जाळ्यांचेही बनवतात. महाराष्ट्रात या विषयावरचे सर्वांत सलग संशोधन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले. वेगळे करावेत असे वायू मात्र कोल्हापूर जिल्ह्यासारख्या साखरपट्ट्यात रोज तयार होतात. म्हणून या नोंदीत दोन्ही ठिकाणांचा विचार एकत्र केला आहे.

तत्त्व. पटल म्हणजे चाळण अशी समजूत असते. सच्छिद्र स्फटिकांच्या पटलांना ती थोडीफार लागू पडते, दाट पॉलिमरला नाही. दाट पॉलिमरमध्ये कायमची भोके नसतात. वायूचा रेणू आधी पॉलिमरमध्ये विरघळतो, मग साखळ्यांच्या हालचालीने क्षणभर उघडणाऱ्या फटींतून पुढे सरकतो आणि कमी दाबाच्या बाजूला बाहेर पडतो. त्यामुळे रेणूचा आकार आणि त्याची विद्राव्यता या दोहोंवर निकाल ठरतो. आकारातला फरक अगदी निसटता असतो. हायड्रोजनचा गतिज व्यास २.८९, कार्बन डायऑक्साइडचा ३.३०, ऑक्सिजनचा ३.४६, नायट्रोजनचा ३.६४ आणि मिथेनचा ३.८० अँगस्ट्रॉम आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्यात ०.१८ अँगस्ट्रॉमचेच अंतर आहे आणि एवढ्या फरकावर हवा फोडायची असते.

पटलाची प्रत दोन आकड्यांनी सांगतात : वायू किती वेगाने जातो ती पार्यता, आणि दोन वायूंच्या पार्यतांचे गुणोत्तर म्हणजे निवडकता. एक वाढवली की दुसरी घटते. लॉइड रॉबसन यांनी १९९१ मध्ये तोवरच्या असंख्य पॉलिमरांचे आकडे एका आलेखावर मांडले, तेव्हा वरच्या बाजूला एक तिरकी सीमारेषा दिसली. २००८ मध्ये त्यांनीच ती थोडी वर सरकवली. नव्या पॉलिमरवरचा प्रत्येक शोधनिबंध आपला बिंदू या रेषेच्या वर दाखवण्याची धडपड करतो. कारखान्याच्या दृष्टीने त्या धडपडीला वाटते तेवढे महत्त्व नाही, हे पुढे येईलच.

पूर्वेतिहास. फिलाडेल्फियाच्या जॉन मिचेल यांना १८३१ मध्ये दिसले, की रबरी फुगे निरनिराळ्या वायूंनी भरले तर निरनिराळ्या वेगाने बसतात. टॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये रबराच्या पडद्यातून हवा ओढून तिच्यातील ऑक्सिजन चाळीस टक्क्यांच्या थोडा वर नेला. त्यानंतर शंभर वर्षे उद्योगाने इकडे पाहिले नाही. पडदा जाड ठेवला तर वायू गळत नाही आणि पातळ केला तर फाटतो, हे त्याचे कारण. सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास पाण्याच्या शुद्धीकरणासाठी असममित पटल बनवले : वर अतिशय पातळ दाट साल, खाली सच्छिद्र आधार. वायूंसाठी तीच रचना वापरताना सालीतली सूक्ष्म भोके आड येत होती. मोन्सँटो कंपनीत जे हेनिस आणि मेरी ट्रायपोडी यांनी पॉलिसल्फोनच्या पोकळ धाग्यांवर सिलिकोनचा लेप देऊन ती बुजवली. १९८० च्या सुमारास ‘प्रिझम’ नावाने ही पटले बाजारात आली आणि अमोनिया कारखान्यांच्या टाकाऊ वायूतून हायड्रोजन परत मिळू लागला.

पुण्यातील संशोधन. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. तिच्या पॉलिमर विभागातील उल्हास खरुल यांचे नाव या क्षेत्राशी सर्वाधिक जोडलेले आहे. १९९० च्या दशकात पॉलिआरिलेट जातीच्या पॉलिमरांपासून सुरुवात करून ते पॉलिबेन्झिमिडाझोलकडे वळले. हा पॉलिमर उष्णतेला आणि रसायनांना दाद देत नाही, पण त्याच्या साखळ्या इतक्या घट्ट बसतात की वायूंना वाटच मिळत नाही. कुंभारकर, करडकर आणि खरुल यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाचा गाभा हाच होता : साखळीवर टर्शरी ब्युटिलसारखे अवजड गट बसवायचे, म्हणजे साखळ्या एकमेकींना चिकटत नाहीत, पार्यता वाढते आणि मूळचा कणखरपणाही बराचसा टिकतो. पुढे त्याच पॉलिमरमधील नायट्रोजनवर विद्युतभार आणून आयनिक पॉलिमर तयार केले गेले; कार्बन डायऑक्साइडला ते विशेष जवळ करतात.

२०१५ चे एक काम मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. त्या वेळी याच प्रयोगशाळेत असलेले राहुल बॅनर्जी आणि खरुल यांच्या गटांनी पॉलिबेन्झिमिडाझोलच्या पोकळ धाग्यावर झिफ-८ या धातू-सेंद्रिय जाळीचा थर वाढवला. धाग्याच्या आत एक द्रावण, बाहेर एकमेकांत न मिसळणारे दुसरे. स्फटिक जमतात ते दोहोंच्या सीमेवर. थर धाग्याच्या आतल्या अंगाला हवा की बाहेरच्या, हे द्रावणे निवडून ठरवता आले. झिफ-८ ची खिडकी ३.४ अँगस्ट्रॉमची, म्हणजे इथे चाळणीची भाषा बरीचशी लागू पडते.

पोकळ धागा काढणे हे निम्मे रसायन आणि निम्मी कारागिरी. पॉलिमरचे मधासारखे दाट द्रावण एका बारीक वलयाकार तोंडातून दाबाने बाहेर ढकलतात आणि त्याच वेळी मधोमध दुसरा द्रव सोडतात. धागा थोडे अंतर हवेतून खाली येतो आणि पाण्याच्या टाकीत शिरतो. द्रावक पाण्यात निघून जातो आणि पॉलिमर पांढरा होऊन घट्ट बनतो. खाली फिरणाऱ्या ढोलावर तो गुंडाळला जातो. हवेतले अंतर, पाण्याचे तापमान, ढोलाचा वेग यांपैकी काहीही हलले की साल बिघडते. मग शेकडो धाग्यांची जुडी नळीत घालून तिची टोके इपॉक्सीने बंद करतात आणि इपॉक्सी कापून धाग्यांची तोंडे मोकळी करतात. तपासणी साधी असते : जुडी पाण्यात बुडवून आत नायट्रोजनचा दाब द्यायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. पलीकडे आलेल्या वायूचा वेगही पुष्कळदा साबणाच्या पडद्यानेच मोजतात. काचेच्या नळीत पडदा एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चढायला किती सेकंद लागले, हे घड्याळावर पाहायचे.

ऑक्सिजन. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत या प्रयोगशाळेने आपल्या पोकळ धाग्यांवर चालणारे ऑक्सिजनवर्धक यंत्र पुढे आणले. साध्या हवेतला ऑक्सिजन ते ३८ ते ४० टक्क्यांपर्यंत नेते. हा आकडा लहान वाटला तरी त्यामागे पक्का हिशेब आहे. पटलाची निवडकता ५ आणि दोन बाजूंच्या दाबांचे गुणोत्तरही ५ धरले, तर एका टप्प्यात सिद्धांतानेच ४६ टक्क्यांच्या आसपास मजल जाते. त्यातही पुरेसा वायू हवा असेल तर ती आणखी घटते. रुग्णालयांच्या आवारात २०२१ मध्ये उभे राहिलेले पीएसए (दाबबदल शोषण) प्रकल्प या प्रकारचे नव्हेत. ते झिओलाइटच्या कणांवर नायट्रोजन शोषून नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन देतात. बातम्यांत दोन्हींची सर्रास सरमिसळ झाली.

कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. पातळ थरांच्या संशोधनात विद्यापीठाचे नाव झाले. काच द्रावणात बुडवून तिच्यावर अर्धवाहकाचा थर चढवण्याच्या स्वस्त पद्धती तिथे सी. डी. लोखंडे यांच्यासारख्या संशोधकांनी रुजवल्या. ते थर सौर घट, विद्युतसंचयक आणि वायुसंवेदक यांच्यासाठी होते. वायू ओळखणे आणि वायू वेगळे करणे ही कामे निराळी असली, तरी थर सलग बसवण्याचे कौशल्य दोहोंना सारखेच लागते.

जिल्ह्यातील खरी गरज साखर कारखान्यांची आहे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो. तो किंवा उसाचा रस गाळल्यावर उरणारा प्रेसमड बंद टाकीत कुजवला की निघणाऱ्या वायूत ५५ ते ६५ टक्के मिथेन असते; बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि स्पेंटवॉशच्या बाबतीत सडक्या अंड्याचा वास मारणारा बराच हायड्रोजन सल्फाइड. वाहनाला चालेल असा वायू करायचा तर भारतीय मानकाप्रमाणे मिथेन किमान ९० टक्के लागते. इथे पटलाची एक बाजू भक्कम आहे : कार्बन डायऑक्साइड पलीकडे जातो आणि मिथेन उच्च दाबाच्या बाजूलाच राहते. सिलिंडरसाठी ते पुढे दाबायचेच असल्याने आधी खर्चलेला दाब वाया जात नाही. शिवाय गाळप हंगाम संपल्यावर यंत्र बंद ठेवून पुढच्या हंगामात पुन्हा सुरू करणे सोपे जाते.

अडचणीही ठोस आहेत. एका टप्प्यात बरेच मिथेन निसटते, म्हणून दोन-तीन टप्पे लावावे लागतात. सल्फाइड आणि ओलावा आधी काढले नाहीत तर पटल टिकत नाही. कार्बन डायऑक्साइड स्वतःच पॉलिमर फुगवतो आणि निवडकता उतरते. अनेक डिस्टिलऱ्या आता स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात; तिथे हा वायू तयारच होत नाही. ऑक्सिजनच्या पटलांनाही जिल्ह्यात वाव थोडाच : कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रींना ऑक्सिजनयुक्त हवेचा फायदा क्युपोला भट्टीपुरता आहे, विजेच्या इंडक्शन भट्टीला तिचा उपयोग नाही.

बहुतेक पटले प्रयोगशाळेत सिलिंडरमधल्या शुद्ध, कोरड्या वायूवर काही दिवस तपासली जातात आणि रॉबसनच्या आलेखावरचा बिंदू तिथेच पडतो. साखर कारखान्याला त्या बिंदूची पडलेली नाही. डिस्टिलरीच्या ओल्या, गंधकाने भरलेल्या वायूवर एक पुरा हंगाम चाललेले मध्यम प्रतीचे पटल त्याच्या लेखी विक्रमी पटलापेक्षा जास्त मोलाचे आहे, आणि ही चाचणी पुण्यात नव्हे, कारखान्याच्या आवारातच घ्यावी लागेल.