जलशुद्धीकरणातील पीएच.डी. संशोधन (नागपूर)

पिण्याच्या पाण्यातील अपायकारक द्रव्ये काढून टाकण्याच्या पद्धतींचे विद्यावाचस्पती पातळीवरील संशोधन. महाराष्ट्रातील त्याचे एक प्रमुख केंद्र नागपूर. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था येथे १९५८ मध्ये स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) म्हणून ओळखली जाते.

प्रवेश : नीरीतील पीएच.डी.ची नोंदणी वैज्ञानिक आणि नवोन्मेषी संशोधन अकादमीमार्फत (अधिनियम, २०११) होते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती हा नेहमीचा मार्ग. २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रु. व पुढे ४२,००० रु. आहे. अभ्यासक्रमात ग्रामीण प्रश्नावरील एक प्रकल्प सक्तीचा असतो. पाण्यावर काम करणाऱ्याला तो प्रबंधाइतकाच उपयोगी पडू शकतो.

फ्लोराइड : नीरीची सर्वांत परिचित देणगी म्हणजे १९७०च्या दशकात विकसित झालेली ‘नलगोंडा पद्धती’. आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणा) फ्लोरोसिसग्रस्त (जादा फ्लोराइडमुळे दात-हाडांचा विकार असलेल्या) जिल्ह्यावरून हे नाव पडले. पाण्यात चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटी घालून आधी जोरात व मग सावकाश ढवळतात. तुरटीपासून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके बनतात, फ्लोराइड त्यांना चिकटते व गाळाबरोबर तळाशी बसते. वरचे निवळलेले पाणी गाळून घेतात. तुरटीमुळे पाण्याची क्षारता खर्ची पडते, ती चुन्याने भरून निघते. चुन्याचे प्रमाण साधारणपणे तुरटीच्या विसाव्या भागाइतके असते. ब्लीचिंग पावडर केवळ जंतुनाशनासाठी. नळ बसवलेल्या बादलीपासून गावाच्या टाकीपर्यंत ही कृती चालते. टांझानियातही तिचा घरगुती वापर करून पाहण्यात आला. विदर्भात यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड आढळत असल्याने या विषयाचे क्षेत्र नागपूरहून फार दूर नाही.

भारतीय मानक (आयएस १०५००) फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिग्रॅ. ठेवते, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. चालवून घेते. फ्लोराइड जास्त असेल तेथे तुरटीची मात्रा वाढते आणि पाण्यात ॲल्युमिनियम व सल्फेट उरण्याचा प्रश्न उभा राहतो. ॲल्युमिनियमची कमाल मर्यादा ०.२ मिग्रॅ. आहे. फ्लोराइडचा किती भाग गाळात जातो आणि किती ॲल्युमिनियमशी संयुक्त होऊन पाण्यातच राहतो, याविषयी मतभेद आहेत. सक्रिय ॲल्युमिना, हाडांचा कोळसा व विद्युत्-किलाटन हे पर्यायही अभ्यासले गेले आहेत.

नव्या अधिशोषकांवर (फ्लोराइड पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या द्रव्यांवर) प्रबंध विपुल होतात. त्यांतील बरीच मापने ऊर्ध्वपातित पाण्यात फ्लोराइड मिसळून केलेली असतात. बोअरच्या पाण्यातील बायकार्बोनेट, सिलिका व फॉस्फेट यांच्यासमोर तेच अधिशोषक उणे पडू शकतात. वापरून संपलेल्या अधिशोषकाचे पुनरुज्जीवन, फ्लोराइडयुक्त गाळाची विल्हेवाट आणि गावपातळीवर रोजची मात्रा ठरवणे या बाजूंकडे तुलनेने कमी संशोधक वळतात. नव्या संशोधकाला संधी मुख्यतः याच बाजूंत आहे.

अन्य संस्था : नागपूरचे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान, मुंबईची आयआयटी.

आर्सेनिक : देशातील काम प्रामुख्याने गंगेच्या खोऱ्याशी निगडित.

औषधांचे अवशेष, सूक्ष्मप्लॅस्टिक : अलीकडचे विषय.