एका कलमाचा प्रवास

पैनगंगेच्या कांठचें किनवट १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखालीं होतें. पुढें आठ वर्षें तें हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत राहिलें, आणि १९५६ च्या प्रांतरचनेंत नांदेड जिल्ह्यास जोडलें जाऊन मुंबई राज्यांत आलें. गांव तेंच, माणसें तींच. तेथील एखाद्या पुरुषाचें मन पुरुषावर किंवा स्त्रीचें मन स्त्रीवर जडलें, तर त्यांनीं उजळ माथ्यानें जगावें कीं तुरुंगाच्या धाकांत, हें मात्र किनवटानें कधींच ठरविलें नाहीं. तो निर्णय दर वेळीं दूरच्या राजधानींत झाला. सभ्य घरांतून ह्या विषयाचा उच्चार टाळला जातो. परंतु इतिहासाला सोवळें पाळून चालत नाहीं.

मूळ कायदा इंग्लंडचा. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५३३ सालीं, अशा शरीरसंबंधाला देहान्त शासन सांगितलें गेलें. १८३५ मध्यें लंडन येथें दोघां पुरुषांना त्यापायीं फांसावर चढविलें. तो तेथील शेवटचा प्रसंग. देहान्ताची शिक्षा मात्र १८६१ पर्यंत कायद्यांत राहिली. फ्रान्सनें हा गुन्हा १७९१ सालींच आपल्या दंडविधानांतून वगळला होता. परंतु हिंदुस्थान पडला इंग्रजांच्या पदरीं. मेकॉलेच्या मसुद्यावरून सिद्ध झालेलें इंडियन पीनल कोड १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आलें, आणि त्याच्या ३७७ व्या कलमानें ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. दोघांची संमति होती कीं नव्हती, ह्याला कांहीं महत्त्व नव्हतें. त्यापूर्वीं आपल्याकडे सर्वत्र उदारपणा नांदत होता, असें म्हणणें मात्र खरें नव्हे. मनुस्मृतीनें द्विज पुरुषाला अशा वर्तनाबद्दल सचैल स्नानाचें प्रायश्चित्त सांगितलें, पण कुमारिकेला दूषित करणाऱ्या स्त्रीला बोटें तोडण्यापर्यंत शिक्षा सांगितली आहे. तथापि सचैल स्नान आणि जन्मठेप ह्यांतील अंतर कोणाच्याही ध्यानीं येईल.

किनवटास हें कोड तेव्हां लागू नव्हतें. निजामाचा दंडविधान स्वतंत्र होता, जरी त्याचा नमुना इंग्रजी मुलखांतलाच. शिवाय १३२९ फसलींत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, निजाम सरकारनें हिजड्यांविषयीं निराळा कायदा केला. हैदराबाद शहरांत आणि सरकार जाहीर करील अशा अन्य ठिकाणीं त्यांची नोंदवही ठेवावी. नोंदलेला इसम स्त्रीवेशांत रस्त्यावर दिसला किंवा चारचौघांत नाचतांगातांना आढळला, तर त्यास वॉरंटावांचून पकडावें, असा त्याचा आशय. नोंद होण्यास मुलें पळविल्याचा किंवा ‘अनैसर्गिक’ गुन्ह्याचा संशय पुरेसा होता. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची ही छाया. पुढें निजामशाही गेली, आणि १९५१ च्या एप्रिलांत भारत सरकारनें पीनल कोड हैदराबाद राज्यास लागू केलें. मेकॉलेचें ३७७ कलम किनवटांत पोंचलें तें असें, इंग्रज निघून गेल्यावर!

मुंबईंत त्याच्याही आधीं ह्या विषयाची झळ एका मराठी मासिकाला लागली होती. महर्षि कर्व्यांचे पुत्र रघुनाथराव १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत. वाचकांच्या खासगी शंकांना ते त्यांत उत्तरें देत, आणि त्या शंकांत समलिंगी प्रवृत्तीविषयींचे प्रश्नही असत. अशाच उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें. लैंगिक विषयावर लिहिलेलें सारेंच अश्लील ठरत नाहीं, आणि शंका विचारणाऱ्यास शास्त्र काय म्हणतें तें सांगितलेंच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. हॅव्हलॉक एलिसच्या संशोधनाचा त्यांनीं आधार दिला. खटला हरला आणि कर्व्यांस दोनशें रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ सालीं कर्वे वारले तोंपर्यंत निघत राहिलें. अस्पृश्यतेच्या लढ्यांत आकंठ बुडालेल्या पुढाऱ्यानें असें लोकापवादाचें काम अंगावर घ्यावें, ही गोष्ट लहान नव्हे.

युरोपांतही वारे एकाच दिशेनें वाहिले नाहींत. डेन्मार्कनें १९३३ मध्यें हा गुन्हा रद्द केला. दोनच वर्षांनीं हिटलरच्या जर्मनीनें आपलें १७५ वें कलम अधिक कडक करून हजारों पुरुषांना छळछावण्यांत धाडलें. युद्धानंतर इतर कैदी सुटले, पण पश्चिम जर्मनीनें तें नाझी कलम १९६९ पर्यंत जसेंच्या तसें ठेविलें, म्हणून छावणींतून वांचलेला मनुष्य कायद्यानें गुन्हेगारच राहिला. इंग्लंडनें १९५७ च्या वुल्फेन्डन समितीच्या अहवालानंतर दहा वर्षांनीं, १९६७ सालीं, आपला कायदा सैल केला. नेदरलँड्सनें २००१ मध्यें समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला. आपल्या शेजारीं नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालींच अशा नागरिकांच्या बाजूनें निर्णय दिला. उलट युगांडानें २०२३ मध्यें कांहीं प्रसंगीं देहान्तापर्यंत शिक्षा ठेवणारा नवा कायदा केला.

भारतांत दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००९ सालीं ३७७ कलमाची धार काढली; २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती परत दिली. चार वर्षें ज्यांना गुन्हेगार नव्हे असें सांगितलें, त्यांनाच पुनः गुन्हेगार म्हणणें हा ह्या इतिहासांतील सर्वांत निष्ठुर भाग होय. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांनीं एकमतानें निकाल दिला कीं, प्रौढांचा संमतीचा एकांतांतील संबंध हा गुन्हा नव्हे. इतिहासानें ह्या लोकांची क्षमा मागावयास हवी, असें न्यायमूर्ति इंदु मल्होत्रा ह्यांनीं आपल्या निकालपत्रांत लिहिलें.

निजामाचा तो १३२९ फसलीचा कायदा आदिलाबादच्या बाजूस, तेलंगणांत, २०२३ च्या जुलैपर्यंत पुस्तकांत जिवंत होता; तेथील उच्च न्यायालयानें तेव्हां तो घटनाबाह्य ठरविला. त्याच वर्षीं १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहाचा हक्क मानण्यास नकार दिला व तो प्रश्न कायदेमंडळावर सोंपविला. त्यामुळें किनवटांत दोघी स्त्रिया एका घरांत राहिल्या तर पोलीस त्यांना पकडणार नाहींत, परंतु मृत्युपत्रावांचून एकीची मिळकत दुसरीकडे जाणार नाहीं. १ जुलै २०२४ पासून पीनल कोडच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्यांत ३७७ कलमाची जागा घेणारें कलमच नाहीं, आणि म्हणून पुरुषावर बळजबरी झाली तर बलात्काराच्या तोडीचें कोणतेंच कलम तेथें सांपडत नाहीं.